बटण थंडीकडे

आमच्या घरात भर थंडीत पंखा फिरायचा. आता हे मी शांतपणे सांगतेय, पण या एका गोष्टीवरून वीस-बावीस वर्षं मी घर डोक्यावर घेतलंय. बाहेर लोक नाकापर्यंत मफलर गुंडाळून चाललेत, खिडकीच्या काचांवर वाफ धरलीय, कोपऱ्यात हीटर लालबुंद झालाय, आणि आमच्या छताला पंखा सुरू. नंबर एकवर, सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा. मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की आधी वर बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या आणि ओठ दाबून चहा प्यायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

हे सगळं आमच्या ह्यांचं खूळ. हे कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होते. बटाट्यांना आणि सफरचंदांना किती थंडी लागते, गोदामाच्या कुठल्या कोपऱ्यात जास्त आहे, कुठल्या कमी, हे बघत फिरणं हेच काम. हातात थर्मामीटर आणि कानावर पेन्सिल. तिथले सगळे त्यांना पारेवाले म्हणायचे. कामावरून सुटले की माणसं काम तिथेच ठेवून येतात, हे घरी घेऊन आले. आमच्या बाहेरच्या खोलीत दोन थर्मामीटर आहेत. एक कपाटाच्या माथ्यावर, अगदी छताजवळ. दुसरा खाली, माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर. खालच्याजवळ खिळ्याला सुतळीने बांधलेली एक लांबट वही.

"अगं, ऊब वर जाऊन बसते," ते सांगायचे. "हे बघ, वर बावीस आणि खाली पंधरा. म्हणजे आपण हीटर लावतो तो छतासाठी. छताचे काय गुडघे दुखतात? तिला खाली आणायला नको?"

"पंख्याने? अहो, पंख्याने गार होतं!"

"जोरात लावला तर होतं. हळू लावायचा आणि उलटा फिरवायचा. मग वारा वर जातो, छताजवळची ऊब पसरवतो आणि ती भिंतींवरून हळूहळू खाली उतरते. आपल्या अंगाला वारा लागतच नाही. हीटरसुद्धा एक खूण कमी ठेवता येतो."

यातला 'वारा' हा शब्द आला की मी ऐकायचं सोडून देत असे. ते उलटं-सुलटं काय ते भिंतीवरच्या रेग्युलेटरमध्येच होत असणार असं मी धरून चालले होते, आणि विचारायला गेले असते तर गोदामापासून सुरुवात झाली असती. त्यापेक्षा सोपा उपाय माझ्याकडे होता. ते खोलीतून बाहेर गेले की मी पंखा बंद करायची. ते आत आले की सुरू करायचे. बोलायचे काही नाहीत. रागवायचं काम आमच्या घरात मी दोघांचं मिळून करायची.

एकदा मात्र फार वर्षांपूर्वी ते स्टुलावरून पडले. काय करायला चढले होते ते सांगितलं नाही, नुसतं मनगट धरून बसले. मी तासभर तोंड सोडलं. पुन्हा म्हणून स्टुलावर पाय ठेवणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं, तेव्हाच मनगटाला पट्टी बांधली. त्यानंतर त्यांना स्टुलावर मी कधी पाहिलं नाही.

गेल्या जानेवारीत ते गेले. सकाळी अकराच्या सुमाराला, खुर्चीत बसल्याबसल्या. मी एका कोटाची चेन बदलत होते आणि त्यांच्याशी बोलत होते, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी एकटीच बोलतेय. वर पंखा फिरत होता. शेजारचे धावत येऊ लागले तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर उठून पंखा बंद केला. लोक काय म्हणतील म्हणून. नवरा समोर गेलेला आणि मला लाज कशाची, तर पंख्याची. याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

त्या गडबडीत मला छातीत कफ झाला आणि दोन आठवडे अंथरुणात गेले. मुलगी येऊन राहिली. मग ती तिच्या गावी परत गेली, उन्हाळा आला, आणि मी पंखा लावला तर वाराच नाही. पाती फिरतायत, आवाज येतोय, आणि खाली माझी मान घामाने भिजलेली. पाचवर नेला तरी इकडून तिकडून नुसती एखादी झुळूक. मी त्याला वाटेल ते बोलले. नंतर मनात आलं, ज्याच्या जिवावर हा फिरत होता तो माणूस गेला, आता याचाही जीव लागत नसेल. मुलीने टेबलफॅन आणून दिला. "आई, हा जुना झालाय. कधीतरी काढून टाकू," म्हणाली. मी म्हटलं, असू दे, छत ओकंबोकं दिसेल.

आणि मग पुन्हा थंडी आली.

डॉक्टरांनी मुलीला सांगितलं होतं की माझ्या छातीला गार खोली चालायची नाही. मुलगी बापाचीच. तिने लगेच त्यातून आकडा काढला. "हे बघ आई, खोलीचा पारा सोळाच्या खाली गेला, की तू माझ्याकडे राहायला यायचं. तिथे बैठं घर आहे, ऊन आहे, माणसं आहेत. हुज्जत घालायची नाही." रोज सकाळी दहाला तिचा फोन यायचा.

"आज किती?"

"एकवीस."

"वा. मग ठीक आहे."

मी खोटं बोलत नव्हते. एकवीसच होता. कपाटावरचा.

खालचा मी बघतच नव्हते. बघायची गरजही नव्हती, पायांना कळत होतं. दोन मोजे घालून मशीनच्या पायडलवर पाय ठेवला तरी लोखंडाचा गारवा टाचेत शिरायचा. हीटर शेवटच्या खुणेवर होता. डोकं तापायचं आणि बोटं आखडलेली राहायची. सुईत दोरा ओवायला मला कधी चष्मा लागला नाही, आता चष्मा लावूनही तीन-तीनदा नेम चुकायचा. एका बाईच्या कोटाचं अस्तर मी दोनदा उसवलं, कारण टाके वाकडे आले होते. माझे टाके कधी वाकडे येत नाहीत.

तरीही मला मुलीकडे जायचं नव्हतं. मुलगी चांगली आहे, जावई तर तिच्याहून चांगला आहे. पण तिथे मी पाहुणी असते. नऊ वाजता सगळे आपापल्या कामाला निघून जातात आणि मी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहाचं भांडं शोधत राहते. एकटी मी इथेही आहे आणि तिथेही असणार. इथे निदान कोणाची खुर्ची रिकामी आहे ते मला माहीत आहे. शिवाय माझी मशीन इथे आहे, माझी गिऱ्हाइकं इथे आहेत. एक थंडी तिच्याकडे काढली, की दुसऱ्या थंडीला कोणी विचारणार नाही, आणि तिसऱ्याला हे घरच राहणार नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं.

एकटं राहण्यात सगळ्यात वाईट काय, ते मला कोणी सांगितलं नव्हतं. जेवण एकटीचं करावं लागतं हे सांगितलं, रात्री भीती वाटेल हे सांगितलं. भांडायला कोणी उरत नाही हे नाही सांगितलं. थंडी वाजत असताना "हे तुमच्यामुळे" असं म्हणायला एक माणूस लागतो. मी म्हणायची आणि माझंच वाक्य खोलीभर फिरून माझ्याकडे परत यायचं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी मुलीला शंका आली. "आई, फोन खाली धर. मला बाबांचा खालचा थर्मामीटर दाखव."

"कशाला? कमरेत लचक भरलीय माझ्या."

"आई."

मी फोन खाली धरला. चौदा.

"किती दिवस फसवतेयस मला?"

"फसवत कुठे होते? तू खोलीचा पारा विचारलास, कुठला ते विचारलं नाहीस."

"रविवारी गाडी घेऊन येते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणजे ती खरोखर चिडली होती. "बॅग भरून ठेव."

मी बॅग काढली, पलंगावर ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. बसल्याबसल्या विचार केला. ह्यांच्या वेळी पंखा सुरू असताना खालचा पारा सतराच्या खाली कधी गेला नव्हता. गेला असता तर ते दिवसभर तेच बोलले असते. हीटर तोच होता. खिडक्या त्याच. बदललं होतं ते एवढंच, की हे नव्हते आणि पंखा बंद होता. ह्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. पंखा दुरुस्त करता येण्यासारखा होता.

बुधवारी दुपारी पंखेवाला आला. चाळिशीचा, बडबड्या, खांद्यावर शिडी. मी त्याला म्हटलं, "पंखा फिरतो, पण वारा देत नाही. उन्हाळाभर असाच होता." मी हेच म्हटलं. नेमकं हेच, आणि एवढंच.

तो शिडीवर चढला, पात्यांच्या वर मान घालून बघितलं आणि हसायला लागला.

"काकू, काही बिघडलेलं नाही. उलटा फिरत होता तो."

"उलटा म्हणजे?"

"इथे याच्या अंगावर बटण असतं ना बारीकसं. कोणीतरी पलीकडे सरकवून ठेवलंय. सगळा वारा छताला! तुम्ही वर्षभर असाच चालवलात? कमाल आहे तुमची."

टक् असा आवाज आला. मग त्याने फडकं काढून पाती पुसली, मधला गोल पुसला, सगळी धूळ माझ्या जमिनीवर पाडली आणि पंखा थेट पाचवर लावला. माझे केस उडाले, मशीनवरचे दोऱ्याचे तुकडे उडाले, टेबलावरचा कागद थेट दारापर्यंत गेला.

"बघा आता!" तो म्हणाला.

"उन्हाळ्यात कुठे होतास रे बाबा?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या खोलीत कोणीतरी माझ्याबरोबर हसायला किती महिने झाले होते, देव जाणे. चहा करते म्हटलं, पण त्याला पुढे जायचं होतं. जाताना त्याने विचारलं, "पण थंडीत पंखा कशाला दुरुस्त करून घेताय?"

"सवय आहे आमच्याकडे," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी हीटर लावला, पंखा नंबर एकवर ठेवला, अगदी ह्यांच्यासारखा, आणि शिवायला बसले. तासाभराने खालचा पारा साडेपंधरा झाला. मी खूश. पण मानेवर गार काहीतरी उतरत होतं. स्वेटरची कॉलर वर केली. थोड्या वेळाने मफलर घेतला. मग टोपी. गुरुवारी सकाळी पारा सोळा होता आणि मी गारठून गेले होते. खोकला सुरू झाला. दहाच्या फोनवर मुलीने पारा विचारलाच नाही, नुसता खोकला ऐकला आणि "माझ्याकडची खोली तयार आहे," एवढं म्हणाली.

फोन ठेवला आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. पंख्याकडे बघून मी मोठ्याने म्हणाले, "अहो, हेच! हेच मी बावीस वर्षं सांगत होते! पंख्याने गार होतं! निघाले मोठे ऊब खाली आणायला. बघा, बायकोला आजारी पाडलंत आणि घरही घालवलंत!"

खरं सांगायचं तर बरं वाटलं. आपलंच खरं होतं असं वाटण्यात एक प्रकारची ऊब असते. एक कप चहा संपेपर्यंत ती टिकली.

मग मी कामाला लागले. एका झग्याचा बेत कापायचा होता. आम्ही बेत आधी पातळ कागदावर काढतो, कागद कापडावर ठेवतो आणि कडेने खडूची रेघ मारतो. मी कागद पसरला. तो घसरला. पुन्हा ठेवला, तर कोपरा उचलला गेला. एका कोपऱ्यावर कात्री ठेवली, दुसऱ्यावर खडूचा डबा, तरी मधला भाग फडफडतच होता. मी हाताने दाबून धरला, आणि तशीच थांबले.

याच टेबलावर, याच पंख्याखाली मी बावीस थंड्यांमध्ये कागद कापले होते. एकदाही त्यावर कात्री ठेवावी लागली नव्हती. मी पंखा बंद करायची ती ह्यांची पाठ फिरल्यावर. ते समोर असताना तो चालूच असायचा आणि मी शिवतच असायची. दोऱ्याचा एक तुकडा कधी हलला नव्हता. म्हणजे त्या पंख्याचा वारा मला कधी लागलाच नव्हता. गार कधी वाटलंच नव्हतं. लोक काय म्हणतील एवढ्यासाठी मी बावीस वर्षं भांडले, आणि कारण मात्र गारठ्याचं सांगत आले.

'उलटा फिरवायचा,' हे म्हणायचे. 'उलटा फिरत होता,' पंखेवाला म्हणाला. कोणीतरी पलीकडे सरकवून ठेवलंय, असंही म्हणाला. कोणीतरी म्हणजे कोण? छतापर्यंत हात पोचायला स्टूल लागतं, आणि स्टुलावर चढणार नाही असं ह्यांनी मला कबूल केलं होतं.

खिळ्यावरची वही मी वर्षभर उघडली नव्हती. घर झाडताना हात लागायचा, पण उघडली नव्हती. आत त्यांचं अक्षर असणार, आणि ते बघायची माझी छाती नव्हती. त्या दिवशी मी सुतळी सोडवली आणि त्यांच्या खुर्चीत बसून वही उघडली.

पानंच्या पानं नुसते आकडे. वर एवढे, खाली एवढे. पण मधूनच, वर्षातून दोनदा, एक ओळ जास्तीची.

'१२ नोव्हेंबर. बटण थंडीकडे. आधी वर २२, खाली १५. तासाने वर २०, खाली १८. ही बाजारात.'

'३ मार्च. बटण उन्हाळ्याकडे. ही कोट पोचवायला गेली आहे.'

'१७ नोव्हेंबर. बटण थंडीकडे. ही झोपली आहे. स्टूल सरकल्याचा आवाज झाला, पण कूस बदलून पुन्हा झोपली.'

'६ मार्च. बटण उन्हाळ्याकडे. ही जिन्यात कोणाशी तरी भांडते आहे. वेळ भरपूर.'

मी हसले. पोट धरून हसले, आणि हसता हसता कधी रडायला लागले ते मला कळलं नाही. बावीस वर्षं हा माणूस चोरून स्टुलावर चढत होता. आणि दरवेळी मी कुठे आहे ते लिहून ठेवत होता.

पुढची पानं उलटत मी शेवटच्या थंडीपर्यंत आले. '१९ नोव्हेंबर. बटण थंडीकडे. ही दाताच्या डॉक्टरकडे. परत येईल तेव्हा रागावलेली असणार.' त्याखाली रोजचे आकडे. जानेवारीतल्या त्या दिवसाचेसुद्धा होते, सकाळचे. मग कोरी पानं. 'बटण उन्हाळ्याकडे' ही ओळ पुढे कुठेच नव्हती. मार्च आला, तेव्हा ती लिहिणारा माणूस नव्हता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. उन्हाळाभर मी ज्याला शिव्या घातल्या, तो पंखा बिघडलेला नव्हता. ह्यांनी ठेवला होता तसाच तो राहिला होता. वर्षभर त्यांच्या बोटाखालचं बटण तिथेच होतं, माझ्यासाठी थंडीची तयारी करून ठेवलेली होती. मला भिंतीवरचं बटण तेवढं दाबायचं होतं. आणि मी माणूस बोलावून, शिडी लावून, हसतखेळत ते पुसून घेतलं होतं.

पंखेवाल्यावर राग काढायला गेले, पण त्याचं काय चुकलं? वारा येत नाही असं मी सांगितलं, त्याने वारा आणून दिला. त्याला पुन्हा बोलवता आलं असतं. पण मला ते नको होतं. त्या बटणावर आता तिसऱ्याचा हात नको होता.

मी पंखा बंद केला आणि तो पूर्ण थांबेपर्यंत उभी राहिले. स्वयंपाकघरातून स्टूल आणलं. मुलीने मला काही चढायची सक्त मनाई केली आहे, पण मुलगी शंभर कोस लांब होती. एक हात कपाटावर ठेवून चढले. पडले तर उद्या दहाच्या फोनपर्यंत कोणाला कळायचं नाही, हेही मनात येऊन गेलं. पात्यांच्या वर हात घातला, चाचपडलं, आणि नखाएवढं बटण बोटाला लागलं. ते सरकवायला जोर लागला नाही. टक्. मग तशीच, कपाटाला धरून, थोडा वेळ वर उभी राहिले. इथून खोली कशी दिसते ते मी कधी पाहिलं नव्हतं. मशीन दिसत होती, माझी बसायची जागा दिसत होती. आणि वर खरंच खूप ऊब होती.

उतरले, पंखा एकवर लावला. पाती उलटी फिरायला लागली. कागद टेबलावर निपचित पडून राहिला. मफलर आधी निघाला, मग टोपी. संध्याकाळपर्यंत वर साडेएकोणीस आणि खाली अठरा. शुक्रवारी मी हीटर एक खूण कमी केला, तरी अठराच. बोटं सैल झाली आणि कोटाचं अस्तर सरळ टाक्यांनी पुरं झालं. शनिवारपर्यंत खोकलाही बराच कमी झाला.

रविवारी मुलगी आली ती घोड्यावर बसूनच. आत आली, बॅग रिकामी बघितली, वर बघितलं.

"आई! थंडीत पंखा? आता तू पण?" आणि तिचा हात सरळ भिंतीकडे गेला.

"हात लावू नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती दचकली. मग मला माझंच हसू आलं. हुबेहूब मीच उभी होते तिथे, बटणाकडे हात नेलेली. "आधी खाली वाकून पारा बघ. मग काय बोलायचं ते बोल."

ती वाकली. मग गुडघ्यावर बसली. मग उठून टाचा उंच करून कपाटावरचा बघितला. "अठरा," ती म्हणाली. "आणि वर साडेएकोणीस. हे कसं केलंस?"

"पंखेवाला आला होता," मी म्हणाले.

हेही खोटं नव्हतं. आला होताच की.

ती जेवली, दुपारभर बसली. स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बाबांच्या खुर्चीत पेंगली. चार वाजता उठून म्हणाली, "मार्चपर्यंत बघू. पण रोज खालचा सांगायचा. फोनवर दाखवायचा." मी मान हलवली. तिने माझ्या मानेला मिठी मारली, बराच वेळ मारली, आणि गाडी घेऊन निघून गेली. मी खिडकीतून हात हलवला. गाडी वळली, तरी मी हात हलवतच होते.

मी जिंकले होते. घर राहिलं, मशीन राहिली, मी माझ्या जागी राहिले. खोली उबदार होती, पायसुद्धा गरम होते. आणि "तुमचं खरं होतं हो" हे ज्याला सांगायचं, तो माणूस खोलीत नव्हता. बावीस वर्षं तो समोर बसला होता तेव्हा मी हे म्हटलं नाही. आता म्हटलं. मोठ्याने म्हटलं. पंखा आपला फिरत राहिला.

मग मी वही घेतली. पेन्सिल त्यांचीच, वहीच्या सुतळीत अडकवलेली. कोऱ्या पानावर गुरुवारची तारीख घातली आणि ह्यांच्या पद्धतीने लिहिलं, 'बटण थंडीकडे. संध्याकाळी वर साडेएकोणीस, खाली अठरा.' पुढे दुसरं माणूस कुठे आहे ते लिहायची पद्धत होती.

'हे घरी नाहीत,' असं लिहिलं, आणि वही खिळ्याला लावली.